विसाच्या नोटेवरची सही

माणसाला एखादा छंद असावा, असं जे लोक सांगतात ते तो छंद पुढे निस्तरायला कधी येत नाहीत. तपासनिसांना हा सल्ला त्यांच्या दातांच्या डॉक्टरांनी दिला. तोही अशा वेळी, की तोंडात दोन बोळे आणि एक आरसा असल्यामुळे तपासनिसांना नाही म्हणता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही झोपेत दात खाता, कुणावर ते मी विचारत नाही, पण मन रमवायला काहीतरी गोळा करा. डॉक्टर स्वतः जुन्या नोटा गोळा करत. गावातल्या नोटासंग्राहक मंडळाचे ते अध्यक्ष होते आणि मंडळाचे निम्मे सभासद त्यांना याच खुर्चीत सापडले होते.

तपासनीस म्हणजे नगरपालिकेच्या हिशेब तपासणी खात्याचे मुख्य. पालिकेत निळ्या शाईने लिहायचं, लाल शाईने खोडायचं आणि हिरव्या शाईने तपासायचं, हा नियम लढाईच्याही आधीपासूनचा. कागद तपासून झाला की खालच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी छोटी सही करायची. ज्या कागदावर छोटी सही नाही तो तपासलेला नाही, आणि जो तपासलेला नाही तो कागदच नाही, असं त्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवत. तपासनिसांनी ते इतकं मनावर घेतलं होतं की घरी वर्तमानपत्र वाचून झालं तरी त्यांचा हात कोपऱ्याकडे जाई. वाण्याच्या यादीवर सही, विजेच्या बिलावर सही. एकदा त्यांच्या बायकोने आपल्या बहिणीला वाढदिवसाचं कार्ड लिहून टेबलावर ठेवलं होतं. बहिणीचा फोन आला की शुभेच्छा मंजूर झालेल्या दिसतात, आभारी आहे. जित्याची खोड म्हणतात ती ही.

आता या नोटांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लढाईत परक्या फौजेने गाव घेतलं आणि तीन वर्षं मुक्काम ठोकला. फौजेला धातू हवा होता म्हणून तिने निम्मी नाणी उचलली, आणि ते बघून उरलेली निम्मी लोकांनी जमिनीत पुरली. बाजारात सुट्टे म्हणून काही राहिलं नाही. बेकरीवाला सुट्ट्यांच्या बदल्यात बटणं द्यायला लागला, तेव्हा नगरपालिकेने निकडीच्या म्हणून स्वतःच्या नोटा काढायचं ठरवलं. पण कागद कुठला? गावात साबणाचा कारखाना होता आणि त्याच्या वेष्टणांचे गठ्ठे गोदामात पडून होते. त्या वेष्टणांच्या कोऱ्या बाजूवर एकाच्या, दोनाच्या, पाचाच्या, दहाच्या आणि विसाच्या नोटा छापल्या. पुढच्या बाजूला नगराध्यक्षांची छापील सही आणि पालिकेचा शिक्का, मागच्या बाजूला साबणाची वडी हातात घेऊन दात दाखवत हसणारी बाई. लढाई संपली आणि बाईसुद्धा चलनातून गेली.

प्रत्येक नोटेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात हिरव्या शाईची एक वळवळ असे. मंडळात तिला अळी म्हणत. ती छापखान्याची खूण आहे असं काहींचं म्हणणं होतं, तर शत्रूच्या नजरेतून सुटलेला तो गुप्त संकेत आहे असं एका सभासदाचं, आणि या विषयावर दोन्ही बाजूंनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. तपासनिसांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की ती अळीही नाही आणि संकेतही नाही, ती तेव्हाच्या तपासनिसांची छोटी सही आहे. त्या गृहस्थांचा फोटो आजही आपल्या खुर्चीमागे भिंतीवर आहे. फौज दारात असतानाही त्या माणसाने एक नोट तपासल्याशिवाय बाहेर सोडली नाही, हे सांगताना तपासनिसांचा ऊर भरून आला. सभासदांना मात्र संकेतच जास्त आवडत होता.

बघता बघता तपासनिसांकडे चार नोटा जमल्या. एक, दोन, पाच आणि दहा. विसाची काही मिळेना. वीस म्हणजे तेव्हाची आठवड्याची मजुरी, त्यामुळे लढाई संपल्यावर सगळ्यांनी विसाच्या नोटा पालिकेत जाऊन बदलून घेतल्या. कुणी आठवण म्हणून ठेवल्या नाहीत. ज्या काही उरल्या होत्या त्या दूरदूरच्या संग्राहकांनी तिजोरीत घातल्या होत्या आणि त्यांच्या किमती ऐकून तपासनिसांना पुन्हा दात खावेसे वाटत.

अशात मंडळाने प्रदर्शन भरवायचं काढलं. जागा ठरली नगरपालिकेचं तळमजल्यावरचं दालन, कारण तिथेच एके काळी या नोटा वाटल्या गेल्या होत्या. अर्ज गेला. परवाना विभागाने त्यावर एकच प्रश्न लिहिला: सदर नोटा हे पैसे आहेत की कागद? पैसे असतील तर पोलीस पहारा लागेल. कागद असतील तर जाहिरातफलकांचा दर लागेल. विभागाला ठरवता येईना, म्हणून फाईल वित्त विभागाकडे गेली. वित्त विभागाने ती कायदा विभागाकडे ढकलली. कायदा विभागाने "हिशेब तपासणीचे मत घ्यावे" एवढं लिहून हात झटकले, आणि फाईल फिरून फिरून तपासनिसांच्याच टेबलावर आली.

दुसरा कुणीही "कागद" असं लिहून मोकळा झाला असता. डॉक्टरांनी तर तो शब्द त्यांना फोनवर अक्षर अक्षर करून सांगितला. पण स्वतःच्या सोयीसाठी मत द्यायचं म्हणजे तपासनिसांना चोरी केल्यासारखं वाटे. त्यांनी तळघरातले ठराव उपसले. नोटा काढल्याचा ठराव मिळाला, रद्द केल्याचा मिळाला नाही. लढाई जिंकल्याच्या गडबडीत तो करायचाच राहून गेला होता. तपासनिसांनी हिरव्या शाईत लिहिलं: "नगराध्यक्षांची सही, पालिकेचा शिक्का व तपासनिसाची छोटी सही या तिन्ही गोष्टी असलेली नोट आजही पालिकेचे देणे आहे." म्हणजे पैसे. म्हणजे पोलीस. पोलिसाचा भत्ता मंडळाच्या माथी बसला आणि खजिनदाराने तपासनिसांशी बोलणं सोडलं. फाईलची एक प्रत नियमाप्रमाणे दालनातल्या रोखपालांच्या खिडकीवर डकवली गेली, आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

हे सगळं एका संध्याकाळी तपासनीस जेवताना घरात सांगत होते. घरात म्हणजे बायकोला. सासरे समोर होते, पण सासऱ्यांना काही सांगायची तपासनिसांची प्राज्ञा नव्हती.

सासरे नव्वदीला टेकलेले, जुने सुतार. जिने चढवेनात म्हणून दोन वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला आले, ते स्वतःची खुर्ची घेऊन. जावयाच्या घरात राहत, पण जावयाच्या खुर्चीवर बसत नसत. लग्नाच्या बोलणीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, मुलगा कुठे काम करतो, आणि उत्तर ऐकून कप खाली ठेवून रंधा मारायला निघून गेले होते. मुलगी चोराला देईन, पण ऑडिटवाल्याला देणार नाही, चोर निदान घेऊन जातो, अडवून धरत नाही, असं ते तेव्हा म्हणाले होते. मुलीने हट्ट धरला म्हणून लग्न झालं. त्यानंतर आजतागायत त्यांनी तपासनिसांना अहोजाहो केलं, जावईबापू म्हटलं, आणि त्यात इतका थंडपणा ठेवला की शिव्या परवडल्या असत्या. आपण या म्हाताऱ्याचं काय घोडं मारलंय, हे तपासनिसांना कधी कळलं नाही. पण एकदा, एकदाच, यांनी आपल्याकडे बघून बरं म्हणावं, एवढी एक इच्छा त्यांच्या मनात घर करून होती. बायकोला ती माहीत होती. तिने तिचा उल्लेख कधी केला नाही.

तर विसाची नोट मिळत नाही, पाचवी जागा रिकामीच ठेवावी लागणार, असं तपासनीस म्हणाले, तेव्हा सासरे उठले. भिंतीवर त्यांचा लग्नातला फोटो होता, त्यांच्याच हातच्या चौकटीत. फोटोत सासूबाई हसत होत्या आणि सासरे दाढ काढताना दिसावेत तसे दिसत होते. त्यांनी चौकट उलटी केली, नखाने मागची पट्टी सरकवली आणि आतून घडी न पडलेली विसाची नोट काढून टेबलावर ठेवली.

तपासनिसांचा घास हातातच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या नोटेसाठी त्यांनी परदेशात पत्रं पाठवली ती जेवणाच्या टेबलापासून चार हातांवर खिळ्याला लटकत होती. कुठून मिळाली, कधीपासून आहे, असं विचारलं, तर सासरे म्हणाले की विकायची नाही, द्यायची नाही, प्रदर्शनापुरती न्या.

"अट फक्त एक," ते म्हणाले. "जशी आहे तशी परत आली पाहिजे, जावईबापू."

"बाबा, डोळ्यांत तेल घालून जपेन," तपासनीस म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते रविवारी दुपारी झालं. बायको बहिणीकडे गेली होती, सासरे डुलकी काढत होते. तपासनिसांनी टेबल पुसलं, हात धुतले, पाची नोटा एका रांगेत मांडल्या. प्रत्येकीखाली टाईप केलेली चिठ्ठी ठेवायची होती. पेन हातात घेऊन त्यांनी चिठ्ठ्या तपासायला सुरुवात केली. एक, बरोबर. दोन, बरोबर. पाच, बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण संच समोर होता आणि त्यांचं मन असं निवलं होतं, जसं ते फक्त मार्चअखेरच्या हिशेबाला निवत असे. चार नोटांच्या कोपऱ्यात हिरवी वळवळ होती. पाचव्या नोटेचा कोपरा रिकामा होता. हे तपासनिसांच्या डोक्याने पाहिलं नाही. हाताने पाहिलं. आणि तीस वर्षांत ज्या हाताने एक कोपरा रिकामा सोडला नव्हता, त्याने हाही सोडला नाही.

सही सुंदर आली होती, ते वाईट. आधी त्यांना वाटलं की ही सही पूर्वीचीच असेल. मग ती ओली दिसली.

बायको घरी आली आणि त्यांच्याकडे बघून तिने पिशवी खाली ठेवली. अहो, बरं नाही का, असं विचारलं. त्यांनी नोट पुढे केली. तिने ती उजेडात धरली, सही बघितली, आणि बाबांना आत्ताच जाऊन सांगा, असं म्हणाली. तपासनीस म्हणाले, उद्या सांगतो. या "उद्या"नेच पुढचं सगळं केलं.

बायकोने ही गोष्ट फक्त वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना सांगितली, आणि कुणाला सांगू नका म्हणून बजावलं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत जिन्यावरच्या सगळ्यांचे सल्ले तयार होते. बाईंनी मुलांच्या वह्या आयुष्यभर तपासल्या होत्या. शाई खोडायला शिळ्या पावाच्या मगजासारखं दुसरं काही नाही, असं त्या म्हणाल्या आणि स्वतःच पाव घेऊन खाली आल्या. पावाने काम केलं, पण दुसरंच. सहीच्या भोवतीचा इतक्या वर्षांचा मळ निघाला आणि स्वच्छ पांढऱ्या गोलात सही अशी उठून दिसायला लागली, की जणू तिच्यासाठीच जागा केली होती.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांनी बाटलीतून दोन थेंब दिले. हे थेंब कुठलीही शाई खातात, फक्त कागद उलटा धरून मागून लावा, असं त्यांनी सांगितलं. थेंबांनी खरंच शाई खाल्ली. मागच्या बाजूला साबणाची वडी धरून हसणाऱ्या बाईचे समोरचे चार दात गेले. पुढची हिरवी सही जागची हलली नाही. का हलेल? काही वर्षांपूर्वी पालिकेने स्वस्तातली शाई घ्यायचं ठरवलं, तेव्हा ती पुसली जाऊ शकते असा सतरा कलमी आक्षेप तपासनिसांनीच घेतला होता. मग जी शाई आली तिची परीक्षाही त्यांनीच, पाण्यात, उन्हात आणि साबणात घेतली होती. तिला त्यांनी "उत्कृष्ट" असा शेरा दिला होता.

शेजारचे बँकेतले निवृत्त साहेब म्हणाले, तुम्ही उलट दिशेने चाललाय. सही पुसू नका, जुनी करा. चहाच्या पाण्यात हलकी बुडवून उन्हात धरलीत तर म्हातारबुवांनाच काय, कुणालाच कळणार नाही. यावर तपासनीस ताठ झाले. खोटी बिलं चहात बुडवून जुनी करणारे ठेकेदार त्यांनी नुसत्या वासावरून पकडले होते. आपल्यावर ही वेळ आली हे खरं, पण आपण त्या पंगतीत बसणार नाही, असं त्यांनी साहेबांना सुनावलं. साहेब म्हणाले, मग बसा सासऱ्यांच्या पंगतीत.

शेवटी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दिवा ओढला, भिंग लावलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बाईच्या दातांकडे त्यांची नजर जरा जास्तच रेंगाळली. मग ते स्वतःच रोग्याच्या खुर्चीत बसले.

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंय?" ते म्हणाले. "अळी नसलेली विसाची नोट आजवर कुणी पाहिलेली नाही. एकही नाही. ही एकटीच होती."

तपासनिसांना हे कळलं नव्हतं. त्यांना आत्तापर्यंत एवढंच वाटत होतं की आपण एक दुर्मिळ नोट खराब केली. आता कळलं की जगात एकच असलेली वस्तू आपण उरलेल्या सात-आठांसारखी करून टाकली, आणि तीही वाईट नक्कल. तेल गेलं, तूप गेलं. चिठ्ठी कशी लिहायची हा प्रश्न आला, तेव्हा मात्र दोघांमध्ये वाद झाला नाही. खोटं लिहायला तपासनीसही तयार नव्हते. डॉक्टरांनी लिहिलं: "वीस. कोपऱ्यातील सही अलीकडची." म्हणजे आता सासऱ्यांना आपण सांगितलं नाही तर चिठ्ठी सांगणार होती.

त्या आठवड्यात तपासनिसांनी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा सासरे खुर्चीच्या हाताला पॉलिश पेपर घासत बसले होते. तपासनीस दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, ती नोट..."

"जशी आहे तशी आहे ना?"

"म्हणजे, आहे," तपासनीस म्हणाले, आणि पाणी प्यायला निघून गेले.

प्रदर्शनाच्या दिवशी सासऱ्यांनी जुना कोट काढला, बूट पुसले आणि मुलीला म्हणाले, मीही येतो. इतक्या वर्षांत त्यांनी पालिकेच्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. घरपट्टी भरायलासुद्धा ते दुसऱ्याला पाठवत. टॅक्सीत तपासनीस पुढे बसले, म्हणजे मागे बघावं लागू नये. 

दालनात बरीच गर्दी होती. एका भिंतीला काचेच्या पेट्या, त्यांच्याजवळ खुर्चीवर भत्त्याचा पोलीस, आणि समोरच्या बाजूला रोखपालांची लांब लाकडी खिडकी. सासरे आधी पेट्यांकडे गेलेच नाहीत. ते त्या खिडकीशी गेले आणि तिच्या फळीवरून त्यांनी हात फिरवला, कडेपर्यंत, सांध्यापर्यंत. मग सावकाश पेट्यांपाशी आले. भिंग काढलं. एक, दोन, पाच, दहा. विसापाशी ते थांबले. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"ही सही कुणाची?" सासऱ्यांनी विचारलं.

"माझी," तपासनीस म्हणाले. "बाबा, चुकून झाली. हाताच्या सवयीने. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही."

 सासऱ्यांनी पेटी उघडायला सांगितली, नोट हातात घेतली, कोपरा डोळ्यांजवळ नेला. मग ते बोलायला लागले, जावयाकडे न बघता, नोटेकडे बघत.

ही खिडकी त्यांनी केली होती. फौज गावात असतानाच, त्यांचं लग्न ठरलं त्या महिन्यात. फळ्या, खण, सरकती दारं, सगळं एकट्याने. मजुरी म्हणून याच खिडकीतून त्यांच्या हातात ही विसाची नोट पडली. ती घेऊन ते थेट जोड्यांच्या दुकानात गेले, कारण लग्नाला पायात घालायला धड काही नव्हतं. दुकानदाराने नोट उलटसुलट केली आणि कोपरा दाखवला. हिरवी सही नव्हती. ते परत आले. रोखपालांनी वर पाठवलं. वर खुर्चीत तेव्हाचे तपासनीस बसले होते. ते म्हणाले, नोट बाहेर जाण्याआधी सही करायची असते, गेल्यावर करता येत नाही. सही नाही म्हणजे नोट बाहेर गेलेलीच नाही. आणि बाहेर गेलेली नाही, तर ती तुमच्या हातात असणं शक्य नाही.

या युक्तिवादात कुठेही खोट नव्हती, हे तपासनिसांच्या तत्क्षणी लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

आठ दिवस खेटे घालून सासऱ्यांनी नाद सोडला. लढाईनंतर सगळ्यांच्या नोटा बदलून मिळाल्या, त्यांची तेव्हाही नाही मिळाली, कारण तेच. ते थोरल्या भावाचे जोडे घालून लग्नाला उभे राहिले. जोडे एक माप लहान होते.

"म्हणून फोटोत तसा चेहरा आहे?" मुलीने विचारलं. तिचा आवाज बदलला होता. "बाबा, आईला जन्मभर वाटत होतं की ती तुम्हाला पसंत नव्हती."

सासऱ्यांनी मान वर केली. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तिला काय सांगणार होतो?" ते म्हणाले. "नवऱ्याला त्याच्याच हातच्या खिडकीतून परत पाठवलं म्हणून?"

मग त्यांनी कोटाची बटणं लावली आणि नोट घेऊन ते रोखपालांच्या खिडकीकडे चालायला लागले. पोलीस उठला, कारण पैसे पेटीबाहेर निघाले होते, पण काय करायचं हे न कळून तो मागोमाग नुसता चालत राहिला. सासऱ्यांनी नोट फळीवर ठेवली आणि बदलून द्या म्हणाले. रोखपालबाई तरुण होत्या. त्यांनी नोट पाहिली, मग शेजारी डकवलेली फाईलची प्रत पहिल्यांदाच नीट वाचली. नगराध्यक्षांची सही होती. शिक्का होता. तपासनिसाची छोटी सही होती. ती कुठल्या तपासनिसाची आणि कधी केलेली असावी, याबद्दल त्या मतात एक अक्षर नव्हतं.

"साहेब," त्यांनी तपासनिसांना विचारलं, "यांना देऊ का?"

डॉक्टरांनी तपासनिसांची बाही धरली आणि कानात सांगितलं की अहो, वटवलेल्या नोटेला त्या भोकं पाडतील, नियमच आहे. खराब झाली तरी विसाचीच नोट आहे, संच पूर्ण आहे, नाही म्हणा. तपासनिसांनी पेटीकडे पाहिलं. एक, दोन, पाच, दहा आणि एक रिकामी जागा. मग त्यांनी फळीशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो पाठ ताठ करून, समोर बघत, रांगेत पहिला नंबर लागलेल्या माणसासारखा उभा होता. पोलीस सोडला तर त्याच्या मागे दुसरं कुणी नव्हतं.

"तपासलेली आहे," तपासनीस म्हणाले. "द्या."

रोखपालबाईंनी यंत्र ओढलं आणि नोटेला दोन भोकं पाडली. त्यातलं एक नेमकं साबणाच्या बाईच्या तोंडातून गेलं, म्हणजे तिचे उरलेले दातही गेले. डॉक्टरांनी तोंड फिरवलं. खिडकीतून आजच्या चलनातले वीस बाहेर आले. सासऱ्यांनी ते उजेडात धरून पुढून मागून पाहिले आणि खिशात घातले.

पाचव्या जागेचं काय करायचं यावर मंडळाची तिथेच उभ्या उभ्या बैठक झाली. शेवटी डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी काढून नवी लिहिली: "वीस. आज वटवली." त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी त्या रिकाम्या जागेपाशी झाली, आणि पोलीस तिच्यावर संध्याकाळपर्यंत पहारा देत बसला, कारण त्याच्या हुकुमात पाच नोटा लिहिलेल्या होत्या.

इमारतीसमोर रस्त्यापलीकडे जोड्यांचं दुकान होतं. तेच की दुसरं, कुणी विचारलं नाही. सासरे आत गेले. विसात आता जोडे येत नाहीत, जोड्याचा डबाही येत नाही. नाड्यांची एक जोडी येते. काळ्या नाड्या घेऊन ते बाहेर आले, दुकानाच्या पायरीवर टेकले आणि बुटातल्या जुन्या नाड्या उपसायला लागले. कंबर वाकेना. मुलगी पुढे झाली, पण तपासनिसांनी तिला हातानेच थांबवलं. ते रस्त्यावर गुडघे टेकून बसले. नव्या नाड्या त्यांनी एकेका भोकातून ओवल्या, दोन्ही टोकं सारखी आहेत का ते मापून बघितलं, आणि गाठ मारली.

"घट्ट नाही ना झाली, बाबा?"

सासऱ्यांनी पाय जमिनीवर ठेवून दाबून पाहिला. मग दुसरा. खाली वाकून त्यांनी दोन्ही गाठी नीट निरखल्या, घाई न करता, एखादा कागद बघावा तशा.

"तपासलं," ते म्हणाले. "बरं बांधलंस." आणि उठायला त्यांनी हात पुढे केला.